बोगद्याचं दार

आबांच्या घरात लहान मूल बोलायला लागलं की आधी ‘आई’ म्हणायचं आणि त्यापाठोपाठ ‘दार लाव’. घराला दारं तीन, आणि ती दिवसभर सताड उघडी. कुत्रं आत यायचं, कोंबडी बाहेर जायची, कुणाला त्याचं काही नव्हतं. आबांचं ‘दार लाव’ होतं ते घरामागच्या बोगद्याचं.

बोगदा म्हणजे लोखंडी नळ्यांच्या कमानी आणि त्यांवर ताणलेला दुधी प्लास्टिकचा कागद. दोन्ही तोंडांना बारीक जाळी, आणि एका तोंडाला लाकडी चौकटीचं दार. बाहेर गारठ्यानं पानं करपत असताना आत काकडीचे वेल सुतळीला धरून माणसापेक्षा उंच चढायचे. काकडी एकाच जातीची, गुळगुळीत आणि सरळ. तीत बी नावालाही नाही. मधमाशी आत गेली की ती काकडी बुडाशी फुगते, वाकते, आत बिया धरते आणि व्यापारी तिला हात लावत नाही, हे त्या घरात सगळ्यांना झोपेतही माहीत होतं. म्हणून आत जाताना दार लाव, बाहेर येताना दार लाव. दोन्ही हातांत क्रेट असलं तर पायानं ओढ, पण लाव.

मागच्या हंगामात कागद ताणताना आबा शिडीवरून पडले आणि कमरेतून गेले. काठीवर आले. मग त्यांनी बोगद्याचे दोन भाग केले. थोरला मुलगा ट्रक चालवायचा, महिन्यातून तीन-चारदा घरी उगवायचा. त्याच्या वाट्याचं काम त्याची बायको करत होती, म्हणून दाराकडचा अर्धा भाग धाकट्याला आणि पलीकडचा थोरल्या सुनेला. तिला घरात थोरलीच म्हणत.

“आपल्या भागात काय लावायचं ते ज्यानं-त्यानं ठरवावं,” आबा म्हणाले. म्हणताना त्यांना वाटलं होतं की ठरवायचं म्हणजे वेलांत अंतर किती ठेवायचं ते.

थोरलीनं पत्र्याची डबी काढली. तिची आई परसात चार तऱ्हेच्या काकड्या लावायची. एक चेंडूसारखी गोल आणि पिवळी, एक पांढरीफटक, एक हातभर लांब, वेटोळी घेत वाढणारी, आणि एक तपकिरी, जाळीदार सालीची. आई गेली, परस गेलं, उरली ही डबी. बाकीच्या तिन्हींचं बी तरी बऱ्यापैकी होतं, पिवळीचं मात्र चिमूटभर. बी जुनं झालं की उगवत नाही, म्हणून तिनं यंदा सगळंच्या सगळं पेरलं. डबी उपडी करून झटकलीसुद्धा.

धाकटा तिथं उभा राहून बघत होता. तो वाईट माणूस नव्हता. व्यापाऱ्याची बोलणी खायची वेळ नेहमी त्याच्यावर यायची, म्हणून त्याचा आवाज वरच्या पट्टीत राहायचा, एवढंच.

“वहिनी, हे काय प्रदर्शन मांडताय?”

“काकडीच आहे भाऊजी.”

“व्यापाऱ्याला सांगा ते. आबा, तुमच्यासमोर सांगतो. माझी दुसऱ्या लावणीची रोपं येतील तोवर वहिनींच्या वेलांना फळ आलं तर ठीक. नाही आलं तर मी उपटणार आणि तिथं आपली नेहमीची लावणार. अर्धा बोगदा रिकामा ठेवायला आपण काही जहागीरदार नाही.”

आबांनी मान हलवली. “रास्त बोलला.”

“कबूल,” थोरली म्हणाली. तिला वाटलं, फळ न यायला काय झालं?

वेल आले ते दृष्ट लागण्यासारखे. हाताएवढी पानं, जाड देठ. रोज सकाळी ती डोक्याला फडकं बांधून आत जायची, शेंडा सुतळीभोवती फिरवायची, बगलेतले फुटवे खुडायची. पानांची लव हाताला लागून कोपरापर्यंत पुरळ उठायचं. आत दमट उकाडा असा की श्वाससुद्धा ओला लागायचा, आणि बाहेर आलं की गार वाऱ्यानं पाठीवरचा घाम थिजायचा. ती दिवसातून दहादा शिंकायची, पण खूश होती.

फुलं आली. पिवळीजर्द, ढिगानं. काही फुलांच्या मागं करंगळीच्या पेराएवढी इवली काकडी. थोरलीनं नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो कुठल्याशा घाटात होता, त्याला ‘फुलं’ एवढंच ऐकू गेलं. “कुणाला?” म्हणाला.

मग त्या इवल्या काकड्या पिवळ्या पडायला लागल्या. टोकाकडून सुकत यायच्या आणि बोट लागलं की गळायच्या. तिनं पाणी कमी केलं. मग वाढवलं. खतांच्या दुकानदारानं एक बाटली दिली, ‘तीन दिवसांत फरक’ म्हणाला. फरक पडला तो पानांत, ती आणखी माजली. तिनं ठिबकच्या नळ्या उघडून तोंडानं फुंकून साफ केल्या, मुळांशी राख घातली. वेलांखालून ती सुकलेली पिल्लं वेचून ओंजळीत घेतली की तिला आईपुढं तोंड दाखवायची लाज वाटायची, आई नसली तरी.

वाटेपलीकडच्या भागात धाकटा क्रेटमागून क्रेट भरत होता. मध्ये फक्त मोकळी वाट होती, नुसतं म्हणायला पलीकडचं.

“वहिनी, पानांची भाजी होते का हो यांची?” तो म्हणाला. धाकटी जाऊ क्रेटमध्ये काकड्या रचत होती, तिला हसू आवरलं नाही. मग तिलाच वाईट वाटलं आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन थोरलीकडं आली.

“ताई, मनावर घेऊ नका. बसा जरा.”

“बसून काय होणार आहे?” थोरली म्हणाली आणि पाणी न पिता उरलेलं तण उपटायला लागली.

उकिरड्याची गोष्ट धाकटीमुळंच कळली. सुरुवातीला पांढरीची जादा झालेली दोन रोपं थोरलीनं तिला टाकून द्यायला दिली होती. ती तिनं उकिरड्याच्या कडेला खोचून दिली, जगली तर जगली म्हणून. एका सकाळी कचरा टाकायला गेलेली धाकटी तिथूनच ओरडली, “ताई! अहो ताई, इकडं या आधी!”

वेल कसले, दोन काटक्या. पानांची किड्यांनी चाळण केलेली, शेंडा गारठ्यानं काळा पडलेला. आणि खाली मातीला टेकून दोन पांढऱ्याफटक, चांगल्या मुठीएवढ्या काकड्या.

थोरली उकिरड्याशेजारी उकिडवी बसली. वास येत होता, माश्या घोंगावत होत्या, तिला उठवेना. आत खत, पाणी, ऊब, तळहाताच्या फोडासारखं जपणं, आणि फळ मात्र इथं, शेणाच्या ढिगावर. असं काय आहे इथं, जे आत नाही? तेवढ्यात एक मधमाशी आली. एका फुलात शिरली, मागचा भाग हलवत बसली, अंगभर पिवळी होऊन निघाली आणि शेजारच्या फुलात गेली. त्या फुलाच्या मागं इवली काकडी होती.

“अगं बाई,” थोरली म्हणाली.

“काय झालं?”

“दार. आपण दार लावतो ना, ते.”

आबांच्या काकडीला माशी चालत नव्हती. आईच्या काकडीला माशीशिवाय चालत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं ते दार इतक्या वेळा लावलं होतं की आपणच आपल्या वेलांचा गळा आवळतोय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिला स्वतःचा इतका राग आला की घरी येऊन ती भांड्यांची आदळआपट करत बसली.

खरं तर तिनं तेव्हाच सगळ्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी धाकटा माल घेऊन गेला होता, आबा ओट्यावर पेंगत होते. तिनं आपल्या टोकाकडच्या जाळीचा खालचा काठ दगडाखालून सोडवला आणि गुडघ्याएवढा वर गुंडाळला. दुपारपर्यंत ठेवते, म्हणाली मनाशी, माझ्या चार वेलांपुरत्या येतील आणि जातील.

माश्यांना तिचे वेल आणि दिराचे वेल हा फरक कुणी सांगितला नव्हता.

तिच्या वेलांवर त्या सकाळी नेमकी मागं काकडी नसलेलीच फुलं उमलली होती, त्यामुळं तिथं काही धरलं नाही. आठवड्याभरात व्यापाऱ्याकडून मात्र क्रेट परत आली. वाकड्या, बुडाशी भोपळ्यासारख्या फुगलेल्या काकड्या. धाकट्यानं ती क्रेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आपटली.

“त्यानं चारचौघांत विचारलं मला, काकडी पिकवतोस की विळे? बोगद्यात माशी कशी आली?”

आबांची नजर एकेकावरून फिरली आणि थोरलीवर थांबली.

“मी जाळी वर केली होती,” ती म्हणाली. “एक सकाळभर.”

“का?”

तिनं सांगितलं. उकिरडा, माशी, सगळं. ते खरं होतं, पण त्या घडीला खऱ्याला काही किंमत नव्हती. धाकट्यानं कपाळावर हात मारला. “म्हणजे तुमचं जगायचं तर माझं मरायचं!” आबा मोठ्यानं बोलले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, “या घरात दार उघडं टाकणारं आजवर कुणी नव्हतं.”

जेवायला बसल्यावर प्रत्येकाच्या ताटात त्याच वाकड्या काकडीच्या फोडी. टाकून कशा देणार? पुढं चार दिवस त्याच होत्या. थोरलीनं त्या बियांसकट खाल्ल्या, खाली मान घालून, आणि शेवटच्या दिवशी पाणी पिऊन म्हणाली, “दार बंदच राहील. जाळीसुद्धा. मी माशीशिवाय करते.”

“ते कसं?” धाकट्यानं विचारलं.

“माशी जे करते ते मी करते.”

तो हसला. या वेळी धाकटी हसली नाही.

फुलं उमलायची ती सकाळी, आणि ऊन चढलं की आतली पूड कोरडी पडायची. तेवढ्या वेळात सगळं उरकायचं. मागं काकडी नसलेलं फूल ते नर, एवढं तिला उकिरड्यावर बसूनच कळलं होतं. ते खुडायचं, पाकळ्या मागं सोलायच्या, आतला पिवळा दांडा मोकळा करायचा आणि काकडीवाल्या फुलाच्या पोटात हलकेच टेकवून फिरवायचा. जोर लागला तर आतलं मोडतं. हलका लागला तर पूड चिकटत नाही. पहिल्या दिवशी तिच्या जाड, भेगाळलेल्या बोटांनी निम्मी फुलं मोडली. भांडी घासून, पाण्याचे पाइप ओढून झालेली ती बोटं, त्यांना असलं नाजूक काम कुणी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं नखं कापली. तिसऱ्या दिवशी डोक्यावरचं फडकं काढून ठेवलं, कारण त्याचं टोक फुलांना लागायचं. खालच्या फुलांसाठी गुडघे टेकायचे, वरच्यांसाठी उलट्या क्रेटवर चढायचं. ठिबकच्या ओलीनं गुडघे भिजायचे, मान अवघडायची, आणि हात वर धरून धरून खांद्यात अशी कळ यायची की दुपारी केस विंचरायला कंगवा वर जात नसे.

“फुलांची लग्नं लावतायत वहिनी,” धाकटा वाटेपलीकडून म्हणायचा. “जेवणावळ कधी?”

“तुम्हाला पहिलं बोलावणं,” ती फुलातून नजर न काढता म्हणायची.

जिथं हात लावला त्या देठाला ती लाल दोऱ्याची सैल गाठ मारायची, म्हणजे तेच फूल दोनदा होणार नाही. धाकट्याला त्याचंही हसू यायचं. पहिले दिवस ती लाल दोऱ्यांसकट पिल्लं गळताना बघत राहिली. एका सकाळी गळलेल्यांची ओंजळ भरली तेव्हा तिला रडू आलं. ती वेलांच्या आड बसून रडली, नाक पुसलं, हात धुतले आणि पुढच्या ओळीला लागली. सोडून देऊन जायचं कुठं होतं? आईच्या डबीत दुसरं बी नव्हतं.

मग एक पिल्लू राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. बोट लावून बघायची तिला भीती वाटली, म्हणून नुसतं वाकून बघितलं. टोक सुकलं नव्हतं. हिरवं होतं, टणक, आणि कालच्यापेक्षा जाड. तिनं कुणाला सांगितलं नाही. आबांचं मात्र लक्ष होतं. ते काठी टेकत रोज आत यायचे, दार लावायचे, धाकट्याच्या ओळी बघायचे आणि परत फिरायचे. हल्ली ते वाट ओलांडून पुढं यायला लागले होते. एकदा ती क्रेटवरून उतरताना डगमगली, तर त्यांनी काठी पुढं केली.

“नर कुठला, मादी कुठली, कसं ओळखतेस?” त्यांनी विचारलं.

तिनं दाखवलं. आबांनी चष्मा वर केला, खाली केला. “जन्म गेला काकडीत,” ते म्हणाले, “पण आपल्या जातीत नर बघायची वेळच आली नाही कधी.”

दुसऱ्या दिवसापासून ते उलट्या क्रेटवर बसून नराच्या पाकळ्या सोलून तिच्या हातात द्यायला लागले. त्यांचे हात थरथरायचे, पण सोलायला तेवढं चालायचं. त्यामुळं तिचं काम ऊन चढायच्या आत संपायला लागलं.

पंधरवडा गेला आणि वेलांवर चारी तऱ्हा लटकल्या. पांढऱ्या काकड्या पानांत चटकन दिसायच्या. लांबडी वाढता वाढता सुतळीत अडकली आणि तिनं चांगलीच गाठ घेतली. पिवळ्या तर लहान मुलांनी फेकलेल्या चेंडूंसारख्या जिथं-तिथं. धाकट्याचा व्यापारी माल न्यायला आला तेव्हा त्यानं त्या बघितल्या आणि पोट धरून हसला. “यातली काकडी कुठली आणि आजार कुठला?” धाकटाही त्याच्याबरोबर हसला, पण अर्ध्यावर थांबला. रोज सकाळी क्रेटवर चढलेली वहिनी त्यानंही बघितली होती.

“आमच्याच घरची आहे ती,” तो म्हणाला. “तुमचा माल तिकडं आहे, या.”

थोरला एकदाचा घरी उगवला, आणि येताना एका आचाऱ्याला ट्रकमध्ये बसवून घेऊन आला. हमरस्त्यावरच्या ज्या हॉटेलात तो जेवायला थांबायचा तिथला. बायकोच्या काकड्यांचं कौतुक त्यानं जाईल तिथं इतकं चालवलं होतं की आचारी कंटाळून म्हणाला, चल, एकदा बघूनच टाकतो.

आचारी बुटका, सदा नाक ओढणारा. त्यानं खिशातून स्वतःची सुरी काढली, शर्टाला पुसली आणि वेलावरच पिवळी कापली. पातळ सालीतून पाणी ओघळून त्याच्या मनगटावर आलं. त्यानं फोड तोंडात टाकली. सगळे त्याच्या जबड्याकडं बघत उभे.

“कडू नाही,” तो म्हणाला.

“नसतेच,” थोरली म्हणाली.

त्यानं पांढरी खाल्ली, तपकिरी खाल्ली, लांबडीचं वेटोळं हातावर गुंडाळून बघितलं. नाक ओढलं. “सरळ काकडी मला कुणीही देतं. ही आठवड्याला किती देशील?”

“वेल देतील तेवढी. पण वेल उभे राहिले तर.”

आचाऱ्याला ते कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं. कारण त्याच सकाळी धाकट्याच्या दुसऱ्या लावणीची रोपं आली होती आणि त्यांचे ट्रे दाराशी ओळीनं मांडलेले होते.

“फळ आलंय,” धाकटा स्वतःहून म्हणाला. “मी काही शब्द फिरवत नाही. पण वहिनी, खरं सांगा, वर्षानुवर्षं रोज सकाळी हे करणार? खांदा बघा तुमचा. आणि आबा किती दिवस पाकळ्या सोलणार?”

“करणार,” थोरली म्हणाली. “होईल तोवर करणार.”

एका मोठ्या पिवळ्या काकडीच्या देठाला तिनं लाल दोऱ्याचा दुहेरी वेढा दिला. ती आचाऱ्याला द्यायची नव्हती. ती वेलावरच पिकून तांबूस होणार होती, बियांसाठी.

आबा उठून घरात गेले. आचारी क्रेट घेऊन गेला, थोरला गाडी धुवायला लागला, तरी आबांचा पत्ता नाही. दुसऱ्या सकाळी बघावं तर ओट्यावर जुन्या जाळीचा ढीग, दाभण, सुतळीचा गुंडा आणि आबा. दिवसभर ते जाळीचे तुकडे एकमेकांना शिवत होते. जेवायला हाक मारली तर “वाढून ठेवा.” धाकटी मदतीला बसली. संध्याकाळी त्यांनी दोन्ही मुलांना बोलावलं आणि शिवलेला पडदा बोगद्याच्या मधोमध, कमानीपासून मातीपर्यंत बांधून घेतला. कडा मातीत पुरल्या. आबांनी काठीनं प्रत्येक फट टोचून बघितली.

“आता इकडची माशी तिकडं जाणार नाही,” ते धाकट्याला म्हणाले. “गेली तर माझ्या नावानं ओरड.”

मग ते थोरलीच्या टोकाला गेले. खिशातून विळ्यासारखा वाकडा चाकू काढला. ज्या जाळीच्या एकेका भोकासाठी त्यांनी जन्मभर घर डोक्यावर घेतलं होतं, ती त्यांनी वरून खाली सरळ फाडली, दोन्ही पदर बाजूला सारले आणि मध्ये माणूस जाईल एवढी वाट केली. काम संपल्यावर त्यांना उभं राहवेना. थोरलीनं क्रेट पुढं सरकवलं, ते बसले.

“वेलांचं तू आता माश्यांवर सोड,” ते म्हणाले. “बियांपुरती फुलं तेवढी हातानं कर. ती उमलायच्या आदल्या दिवशीच, कळी असताना, दोऱ्यानं बांधून ठेव. नाहीतर माश्या चार जातींची खिचडी करतील आणि तुझ्या आईची पिवळी हरवेल.”

थोरलीनं लाल दोरा कमरेला खोचला.

सकाळी ती क्रेट घेऊन त्या नव्या वाटेनं आत शिरली. दोन्ही हात अडकलेले, तरी सवयीनं तिनं पाय मागं टाकला आणि जाळीचा पदर टाचेनं ओढला.

“अगं ए!” आबा आधीच येऊन आत बसले होते. “ते कशाला ओढतेस? उघडं राहू दे.”

तिनं पाय काढला. बाहेरचं ऊन आत आलं, आणि त्याच्याबरोबर पहिली माशी आली.